हिरड्याच्या पिशव्या

खासबागेच्या नावात बाग आहे, कानी मात्र मागांचा खडखडाट येतो. शहापूर-वडगावप्रमाणे ही विणकरांची दाट वस्ती, अंगणे नाहीतच. म्हणून आम्ही चार घरांनी मिळून गच्चीवर, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत, देशी झाडांची सामाईक रोपे धरली आहेत.

बाजारी रोपवाटिकांतून ही झाडे सहसा का मिळत नाहीत, ते आम्हांस तेव्हा कळले. जांभूळ, आमसूल यांची बी सुकली की गेली. फळ खाल्ल्यावर थोड्याच दिवसांत ती मातीत पडली पाहिजे. हिरडा याच्या उलट. कठीण कवचाची बी भिजत घालावी आणि मग महिनोन्महिने वाट पाहावी. एवढी उसंत व्यापाऱ्यास कोठून? मादागास्करचा गुलमोहर, ऑस्ट्रेलियाची अकेशिया झटपट येतात. त्यांनीच रस्ते भरले. दारचा सरळसोट अशोकही बहुधा खोटाच. सीतेचा अशोक केशरी फुलांचा, निराळा.

बी खानापूर तालुक्यातील गावांच्या शिवारातून, धन्यास विचारून आणतो. भीमगडचे रान २०११ पासून अभयारण्य आहे. तेथील बी तेथेच रुजू द्यावी.

पिशव्यांवर नावे लिहिताना शेजारची कानडी मुलेही येतात. जांभूळ तेच नेरळे, हिरडा तोच अळले, आमसूल तेच मुरुगलु. दोन्ही नावे लिहायची, असे मुलांनीच ठरविले.

जांभळे वीतभर झाली. हिरड्याच्या पिशव्या अद्याप कोऱ्याच आहेत. मुले माती उकरून पाहतात आणि आजींची बोलणी खातात.