बर्फाआधीचे दिवस

मुळशी धरणाच्या काठावरील आमच्या माले परिसरात भाताचे वर्ष पावसाबरोबर सुरू होत नाही; ते सुरू होते भर उन्हाळ्यात. आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना शेतकरी वाफ्यावर शेण, गवत, पालापाचोळा पसरतो आणि राब भाजतो. तो धूर पाहून शहरातला पाहुणा विचारतो, हे काय चालले आहे? मृगाच्या सरींनंतर त्याच वाफ्यात रोपे तरारतात, तेव्हा मात्र त्याला काही विचारावे लागत नाही. निवृत्तीनंतर इथे राहायला आल्यापासून मी हा राब दरवर्षी पाहत आलो आहे. म्हणूनच की काय, गेल्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियात माझ्या नातीचा जो खटाटोप पाहिला, तो इतरांना वाटला तितका मला वेडेपणाचा वाटला नाही.

माझी मुलगी परिचारिका म्हणून इन्सब्रुकला गेली आणि तिथेच तिचा संसार झाला. नात सतरा वर्षांची आहे. ती बर्फाच्या उतारावरील स्कीच्या शर्यतींत उतरते. वसंतात संघाची यादी लागली आणि तीत तिचे नाव नव्हते. संघ म्हणजे प्रशिक्षक, प्रवासाची गाडी, सरावाचा आखलेला मार्ग, स्कीची देखभाल करणारा माणूस. संघाबाहेर राहून शर्यतीत उतरायला बंदी नसते. फक्त हे सारे आपले आपण उभे करावे लागते. तिने तसे करायचे ठरवले आणि घरात दोन तट पडले. जावयांचे म्हणणे, आणखी एक वर्ष देऊ या. मुलीचे म्हणणे, हाच पैसा तिच्या शिक्षणाला लागेल. जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की दोघेही माझ्याकडे पाहत. मी भाकरीची आठवण काढून पाव मोडीत असे.

शर्यतींचा हंगाम हिवाळ्यात असला तरी त्याची तयारी उन्हाळ्यात होते. जून ते सप्टेंबर सायकल, टेकड्या, उड्या आणि वजने. पण मांड्या कितीही बळकट केल्या तरी बर्फावरचा तोल बर्फावरच शिकावा लागतो. श्रीमंत संघ त्यासाठी ऑगस्टमध्ये थेट चिली किंवा न्यूझीलंड गाठतात, कारण तिकडे तेव्हा हिवाळा असतो. आमच्या नातीच्या वाट्याला आली ती हिंटरटुक्सची हिमनदी. तिथले सर्वांत उंच स्थानक सुमारे ३,२५० मीटरवर आहे आणि बाराही महिने तिथे स्कीइंग चालते.

पहाटे पाचला आम्ही निघत असू. सकाळी बर्फ काचेसारखा कठीण असतो. ऊन चढले की त्याचा चिखल होतो आणि दिवस संपतो. उतारावर लाल आणि निळ्या काठ्या आलटून पालटून रोवलेल्या असतात. प्रत्येक पट्टा कुठल्या ना कुठल्या संघाने भाड्याने घेतलेला असतो. एकट्या मुलीने काठ्या रोवायच्या कुठे? परक्या संघाच्या प्रशिक्षकाला दिवसाचे पैसे देऊन, त्यांची मुले उतरल्यावर शेवटी उतरायचे, हा तिचा मार्ग. तोवर वाटेत खोल चऱ्या पडलेल्या असत. खाली तिचे वडील मोबाइलवर चित्रण करीत. वरती ती डोळे मिटून, हात डावी-उजवीकडे झुलवीत उभी असे. पहिल्या दिवशी मला वाटले, पोर प्रार्थना करते आहे. नंतर कळले, ती काठ्यांचा क्रम पाठ करीत होती. मी तरीही मनातल्या मनात एक ‘नमो मरिया’ म्हणून घेतली.

खरे काम रात्री तळघरात चाले. जायंट स्लॅलमच्या १८८ सेंटिमीटरच्या लांब स्की एका बाजूला, स्लॅलमच्या १५५ सेंटिमीटरच्या आखूड स्की दुसऱ्या बाजूला. पोलादी कडांना कानस मारायची, बोट फिरवून धार पाहायची, मग इस्त्रीने तळाला मेण चढवायचे, थंड झाल्यावर ते खरवडून काढायचे. आपल्याकडे कोयत्याला धार लावणारा माणूस जसा मान वाकडी करून पात्याकडे पाहतो, तशीच ती पाहायची. संघातल्या मुली त्या वेळी झोपलेल्या असत.

इन्सब्रुकशी भारताचे एक नाते आहे, हे मी तिला सांगितले. १९६४ साली याच शहरात जेरेमी बुजाकोव्स्की हा पोलिश घराण्यातला तरुण हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. २०१४ च्या सोची ऑलिंपिकच्या उद्घाटनाला तर भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या निलंबनामुळे आपल्या तिघा खेळाडूंना तिरंग्याविना चालावे लागले. स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठले, हे त्यातल्या त्यात बरे. आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. युरोपातल्या सरावासाठी पैसा जमवणे हीच त्याची अर्धी शर्यत होती. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. दाट हिमवर्षावात अनेक स्पर्धक वाटेतच बाद झाले होते. तो दोन्ही फेऱ्या उतरून खाली पोहोचला.

खाशाबा जाधवांची गोष्ट तिला नवी होती. गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला निघाला तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, म्हणून ते गहाणखत आपल्याला ठाऊक आहे. पदक न आणणाऱ्यांसाठी कुणी काय काय गहाण ठेवले असेल, याची नोंद कुठे मिळायची?

डोंगर आणि बर्फ ख्रिस्तसभेला परके नाहीत. परमगुरू अकरावे पायस तरुणपणी निष्णात गिर्यारोहक होते. त्यांनीच १९२३ साली मेंथॉनच्या संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले. दुसरे जॉन पॉल तर परमगुरूपदी असताना, जुलै १९८४ मध्ये, इटलीतल्या आदामेल्लो हिमनदीवर स्कीइंग करून आले. जुलैमध्ये! आता तो महिना बेभरवशाचा झाला आहे. २०२२ च्या जुलैअखेरीस खुद्द झेरमाटला बर्फाअभावी उन्हाळी स्कीइंग थांबवावे लागले. हिंटरटुक्सला खालच्या अंगाचा उघडा पडलेला करडा खडक दाखवून जावई म्हणाले, “लग्नाच्या वर्षी आम्ही इथे आलो तेव्हा इथवर बर्फ होता.” नातीचा राब ज्या वाफ्यावर भाजला जातो, तो वाफाच असा वर्षागणिक आक्रसतो आहे.

परतण्याच्या आदल्या रात्री मी तळघरात तिच्याजवळ बसलो होतो. संत पौल करिंथकरांना लिहिताना शर्यतीचा दाखला देतात. धावणारे पुष्कळ, बक्षीस एकालाच, असा त्याचा आशय. लहानपणापासून मी तो ऐकत आलो आहे आणि लहानपणापासून मला बाकीच्या पुष्कळांची काळजी वाटत आली आहे. मी तिला सरळच विचारले, “तू पहिली येणार नाहीस, हे तुला माहीत आहे ना?”

“माहीत आहे, आजोबा.” कानस थांबली नाही. “पण मी किती वेगाने उतरू शकते, ते अजून मला माहीत नाही. संघाने काढले तेव्हा ते कळायचे राहून गेले.”

मुलगी जिन्यात उभी होती. तिने ते ऐकले. काही बोलली नाही. खाली येऊन दुसरी स्की शिकंज्यात अडकवून दिली आणि वर गेली. पैशांचा प्रश्न त्या रात्री सुटला नाही, अजूनही सुटलेला नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचे जमले आहे, एवढेच मला कळवण्यात आले.

डिसेंबरात तिची पहिली शर्यत झाली. तिचा क्रमांक अगदी मागे होता, चौऱ्याहत्तरावा. रात्री फोन आला. “आजोबा, बावन्नावी आले.”

“म्हणजे बावीस जणींना मागे टाकलेस!”

“नाही हो,” ती हसत म्हणाली, “त्यातल्या बऱ्याच पडल्या. मी नऊ मोजल्यात.”