कॉइल आई, कॉन्टॅक्ट मुलं

आपल्या पिढीला सगळं कस्टम लागतं. रिंगटोन, टी-शर्ट, कॉफीतली साखर, सगळं. पण विजेच्या ड्रॉइंगमधलं रिलेचं एवढंसं चिन्ह स्वतः घडवायला कुणी दोन रात्री घालवतं, हे मला रूममेटमुळे कळलं. मी मास कॉमवाली. लाइट गेले की मेणबत्ती शोधायची, इथे माझं विजेचं ज्ञान संपतं. ती डिप्लोमा इलेक्ट्रिकल. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मशीनच्या कंट्रोल पॅनेलची ड्रॉइंग्ज करते. मी बायलाइनसाठी जीव टाकते, ती वायरच्या नंबरांसाठी.

रिलेचा फंडा तसा सोपा आहे. कॉइलमध्ये थोडीशी वीज सोडली की तिचं लोहचुंबक होतं, ते एक पट्टी खेचतं आणि पट्टीवरचे कॉन्टॅक्ट जुळतात किंवा सुटतात. म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड मार्क टू या कॉम्प्युटरच्या रिलेत चक्क एक पतंग अडकला होता. तिथल्या मंडळींनी तो टेपने वहीत चिकटवून ठेवला. कॉम्प्युटरमधल्या ‘बग’ची गोष्ट सांगताना आजही त्याच पतंगाचं नाव निघतं.

गंमत अशी, की खऱ्या आयुष्यात रिले एका डबीत असतो, पण ड्रॉइंगमध्ये त्याचं कुटुंब विखुरलेलं असतं. कॉइल चौथ्या पानावर, एक कॉन्टॅक्ट नवव्या, दुसरा बाराव्या. हे सगळे एकाच घरातले आहेत हे सॉफ्टवेअरला कळायला हवं. म्हणून ऑटोकॅडच्या इलेक्ट्रिकल टूलसेटमध्ये कॉइलला पेरेंट म्हणतात आणि कॉन्टॅक्टना चाइल्ड. आईचं नाव बदललं की मुलांचंही बदलता येतं. कुठलं मूल कुठल्या पानावर आहे, हे आईजवळ लिहिलेलं असतं. मला तर हे ऐकूनच आमच्या आईची आठवण झाली.

त्या आठवड्यात एका प्रेसच्या पॅनेलसाठी नवा सेफ्टी रिले आला होता. लायब्ररीत त्याचं चिन्ह नव्हतं. सीनियरचं म्हणणं, ‘जुन्या ड्रॉइंगमधला बॉक्स कॉपी कर, आकडे बदल, विषय संपला. शुक्रवारी डिलिव्हरी आहे.’ ही म्हणाली, नाही. नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं, तरी नाही.

‘अगं, दिसायला सेमच दिसणार ना?’ मी मॅगी ढवळत विचारलं.

‘दिसायला सेम. पण कॉपी केलेला बॉक्स म्हणजे नुसत्या रेघा. आपण रिले आहोत हे त्याला माहीतच नसतं.’

मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सिम्बॉल बिल्डर. आधी आकृती काढायची. मग प्रत्येक टर्मिनलला नाव द्यायचं. कॉइलचे ए१, ए२. इमर्जन्सी स्टॉपच्या बटणाचे दोन वेगळे मार्ग, कारण एक दगावला तर दुसऱ्याने मशीन थांबवावं. वायर कुठल्या बाजूने येणार हेही सांगायचं : उजवीकडून १, वरून २, डावीकडून ४, खालून ८. फाइलच्या नावातही लॉजिक. एचसीआर१ म्हणजे आडव्या वायरवरचा कंट्रोल रिले, पेरेंट. एचसीआर२१ हा त्याचा एनओ, म्हणजे एरवी सुटलेला कॉन्टॅक्ट. एचसीआर२२ हा एनसी, एरवी जुळलेला. हे नियम पाळले नाहीत, तर सॉफ्टवेअर तुम्हाला ओळखच दाखवत नाही.

खरी मेख कॉन्टॅक्टच्या आकड्यांत होती. पहिला आकडा म्हणजे कितवा कॉन्टॅक्ट. दुसऱ्या जागी १-२ असेल तर एनसी, ३-४ असेल तर एनओ. जुन्या मॉडेलमध्ये तिसरा कॉन्टॅक्ट ३१-३२ होता, एनसी. नव्यात तिसरा ३३-३४, एनओ, आणि एनसी गेला चौथ्या नंबरवर, ४१-४२. तो फक्त दिवा लावायला, सिग्नल द्यायला. मशीन थांबवण्याचं काम पहिल्या तिघांचं.

‘वायरमन काका ड्रॉइंग बघून जोडतात,’ ती म्हणाली. ‘कागदावर जे आहे ते. आणि त्या प्रेसमध्ये रोज कुणाचा तरी हात जाणार आहे.’

त्यानंतर मी गप्प बसून मॅगी खाल्ली.

दुसऱ्या रात्री चिन्ह तयार झालं. तिने त्याला कॉन्टॅक्टची यादी जोडली : तीन एनओ, एक एनसी. मग सगळ्या पानांवरचे कॉन्टॅक्ट एकेक करून नव्या आईला जोडत गेली. बाराव्या पानावर सॉफ्टवेअर अडलं. चौथा एनओ मागितला जात होता, रिलेत तीनच. म्हणजे ड्रॉइंगमध्ये एकच कॉन्टॅक्ट दोन ठिकाणी वापरला गेला होता. नुसत्या रेघा असत्या, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पॅनेल शुक्रवारऐवजी शनिवारी गेलं. सीनियर एवढंच म्हणाले, ‘ठीक आहे, लायब्ररीत टाकून ठेव.’

तिला तेवढं पुरलं. मला नाही पुरलं! मी म्हटलं, निदान फाइलच्या नावात तरी तुझं इनिशियल टाक. ती हसली. म्हणाली, तिथे रिलेचं नाव लागतं, माझं नाही.

आता कंपनीतला जो कुणी तो रिले वापरेल, तो लायब्ररीतून हेच चिन्ह उचलेल. कुणी काढलं, कुणासाठी भांडलं, विचारणार नाही. माझा लेख छापून आला की मी आधी वर माझं नाव शोधते. तिचं काम नीट चाललं, तर कुणाला काही शोधावंच लागत नाही. प्रेस थांबते, हात बाहेर येतो, शिफ्ट संपते.