कढल्यातली फोडणी

डबे करून देणाऱ्या बाईला गिऱ्हाइकाच्या रक्ताचा रिपोर्ट न वाचताच कळतो. "काकू, उद्यापासून तेल कमी," असा फोन आला की समजायचं, कोलेस्टेरॉल वाढलंय. "भात बंद, पोळ्या दोनच," म्हणजे साखर. आणि आठ-दहा दिवसांत त्याच माणसाचा दुसरा फोन येतो, "काकू, भाजीला चव नाही हो!" दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. माझं सगळं कसब या दोन फोनांच्या मधल्या जागेत आहे.

तेल कमी करायचं म्हणजे बुधला आखडता धरायचा, असं पुष्कळांना वाटतं. खरी गोम भांड्यात असते. पसरट कढईत चमचाभर तेल घातलं तर ते नुसतं बुडाला फासलं जातं. मोहरी निम्मी तेलात, निम्मी कोरडी. थोडी तडतडते, बाकीची करपते. मग आपण वैतागून आणखी धार सोडतो. तेच चमचाभर तेल लोखंडी कढल्यात घालून बघा. बुडाशी साचतं, झटकन तापतं, मोहरी पुरती भिजून एकजात फुटते. तडतड ओसरली की जिरं, मग गॅस बंद करून हिंग आणि पुसून कोरडा केलेला कढीपत्ता, हळद अगदी शेवटी, कारण ती चटकन जळते. आता ही फोडणी शिजलेल्या भाजीवर वरून ओतायची आणि लगेच झाकण घालायचं. हिंग-कढीपत्त्याचा वास तेलात उतरतो. पाण्यात तसा उतरत नाही. म्हणून बिनतेलाची भाजी आजाऱ्याची वाटते. आणि वरून घातल्यामुळे तो वास शिजताना उडून न जाता पहिल्याच घासाला भेटतो. पाच मिलिलिटरच्या चमच्यातलं तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी. सैल हाताच्या धारेत असे चार चमचे कधी गेले ते कळतही नाही.

फोडणी शेवटी, मग भाजी खाली लागणार नाही का? त्यासाठी आपल्या आज्यांनी झाकणावर पाणी ठेवलं होतंच. खोलगट ताटलीत पाणी घालून ती भाजीवर ठेवली, की वाफ थंड होऊन आतच ठिबकते. कोबी, दोडका, गवार, सगळ्यांना चालतं. वांग्याला मात्र तेल लागतंच, तिथे मी हट्ट करत नाही.

मिठाचं गणित जरा अवघड. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचासुद्धा नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर ते आमसुलाने किंवा चिंचेने बरंच झाकता येतं. पण शेजारी लोणचं आणि पापड असला तर माझ्या आमटीने काय करावं? ताटात डावीकडे चाटण्यापुरती वाढलेली कोशिंबीर मी वाटीभर देते आणि लोणचं सांगितल्याशिवाय देत नाही. यावरून रुसवे होतात. होऊ देत.

उपासाबद्दल न बोललेलं बरं. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे कुणी उगाच म्हटलेलं नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात निम्मं तेलच असलेल्या दाण्यांचं कूट, वर तूप. खिचडी मला प्रिय आहे, पण तिला हलकं म्हणू नका.

माझा खरा राग आहे तो 'हेल्दी' सणांवर. ओट्सचे मोदक, बिनगुळाची पुरणपोळी. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून पथ्य झालं असंही काहींना वाटतं. कॅलरी दोन्हींच्या जवळपास सारख्याच. असल्या पदार्थाने जीभ भरत नाही, मग माणूस तो चार-चार खातो. पुरणात डाळीइतका गूळ पडायलाच हवा, जायफळ-वेलची हवी, आणि कट काढून त्याची झणझणीत आमटी व्हायला हवी. आटोक्यात ठेवायची ती पोळ्यांची संख्या.

तेव्हा होळीची ऑर्डर देताना एवढं करा. बिनगुळाची मागू नका. दोन पोळ्या सांगा, साखरेचा त्रास असेल तर अर्धी, वर तूप घ्या, आणि रात्री मुगाची खिचडी खा. तिची फोडणी मात्र कढल्यात करा.