दगड? आणि विकत?

"शेतातले दगड वेचायला आपण मजूर लावतो. आन् तू विकत आणलास?"

अण्णांचा हा सवाल बिनतोड होता. दिवाळीला गावी गेलो होतो. फराळ झाल्यावर मोठ्या ऐटीत बॅगेतून डबी काढली, कापूस बाजूला केला आणि आतला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. 42 ग्रॅम वजन. दिसायला जळक्या गुळाच्या ढेकळासारखा. वर ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे खळगे. अण्णांनी तो उलटसुलट केला, नखाने खरवडला आणि पुढचा प्रश्न टाकला, "कितीला?"

साडेअकरा हजारांचे मी बाराशे सांगितले. त्यावरसुद्धा आईने कपाळाला हात लावला!

आमचं गाव जळकोट. जळकोट म्हटलं की लोक लगेच लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव समजतात. ते नव्हे. आमचं धाराशिव जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं. नळदुर्गचा किल्ला बघून हैदराबादकडे निघालात की थोड्याच वेळात लागतं आणि तुम्ही न थांबता पुढे जाता. इथे दगड म्हणजे काळा बेसाल्ट. किल्ल्याला तोच, घराच्या पायाला तोच, बांधावर रचलेलाही तोच. अशा गावात दगड विकत घेऊन येणारा मुलगा म्हणजे पुण्यात राहून डोकं फिरलेलाच.

पण तो तुकडा सिखोते-आलिनचा होता, राव! 12 फेब्रुवारी 1947 च्या सकाळी रशियाच्या अतिपूर्वेला, त्या नावाच्या डोंगररांगेत लोखंडाचा पाऊस पडला. एक प्रचंड गोळा वातावरणात फुटला आणि त्याचे हजारो तुकडे बर्फातून जमिनीत घुसले. आपल्याकडे आकाशात क्षणभर दिसणारी रेघ म्हणजे उल्का आणि जळून उरलेला जो भाग खाली पोहोचतो तो अशनी. हा अशनी जवळजवळ सगळाच लोखंड, सोबत सहाएक टक्के निकेल. कधीकाळी एखाद्या लघुग्रहाच्या पोटात हे लोखंड वितळलं आणि लाखो वर्षांत हळूहळू थंड झालं. इतकं हळू की आत स्फटिकांच्या पट्ट्या तयार झाल्या. असा लोखंडी अशनी कापून, घासून त्यावर आम्ल लावलं की त्या पट्ट्या उमटतात. पृथ्वीवरच्या कुठल्याही भट्टीत ही नक्षी जमत नाही, कारण तेवढा धीर कुणाकडे नाही.

हे सगळं अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. जेवून घे."

खरं सांगायचं तर माझा पहिला अशनी खोटा निघाला होता. हिंजवडीत नोकरी लागून वर्ष झालं होतं, ऑफिसच्या ग्रुपबरोबर लोणारला गेलो होतो. पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचं ते विवर काठावरून बघितलं आणि मी गारच झालो. अख्खं विवर बेसाल्टमध्ये आहे आणि ते करणाऱ्या पाहुण्याचा दगडाएवढा तुकडाही मागे राहिलेला नाही. मला मात्र तुकडाच हवा होता. परत आल्यावर रात्री दोनपर्यंत जागून एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला. आला तो काळा, चकचकीत आणि भोकाभोकांचा. लोखंडाच्या भट्टीतली मळी! चार हजार पाण्यात. क्यूबिकलमधले मित्र म्हणाले, "बॉस, एवढ्यात गोव्याची ट्रिप झाली असती."

मग शहाणपण आलं. अशनीत बुडबुड्यांची भोकं जवळजवळ नसतातच. बिनचकाकीच्या फरशीवर घासून काळी किंवा तांबडी रेघ उठली तर बहुधा तो पृथ्वीवरचाच. पुढचा प्रश्न नावाचा: या अशनीचं नाव अधिकृत यादीत आहे का, आणि विकणारा तो कुठून आला ते सांगतो का? वायव्य आफ्रिकेच्या वाळवंटातून आलेल्या दगडांना गावाचं नाव मिळत नाही, नुसता नंबर मिळतो. वाळवंटात गावं कुठून आणणार? ते त्यातल्या त्यात स्वस्त. अर्जेंटिनाच्या कॅम्पो देल सिएलोचं लोखंड बाजारात सर्रास दिसतं, पण त्या देशाने 2007 मध्ये कायदा करून ते बाहेर न्यायला बंदी घातली. नामिबियाच्या गिबिऑनचीही तीच गत. म्हणजे स्वस्तात मिळतंय म्हणून उचलायचं नाही, कुणाच्या घरातून उचललंय ते विचारायचं. हे मला जरा उशिराच कळलं.

नावांचं प्रकरण तर मला फार आवडतं. अशनीला नाव मिळतं ते जवळच्या गावाचं, पूर्वी तर सरळ पोस्ट ऑफिसचं. बिहारमधल्या शेरघाटीजवळ 25 ऑगस्ट 1865 ला एक दगड पडला आणि आज मंगळावरून आलेल्या अशनींच्या एका अख्ख्या जातीला जगभर 'शेरगोटाइट' म्हणतात. आपल्याकडचीही गावं आहेत की या यादीत! 1843 मध्ये एदलाबाद म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळचं माणेगाव. 1866 मध्ये आमच्या जिल्ह्याला खेटून असलेलं जामखेड, इंग्रज कारकुनांच्या स्पेलिंगमुळे 'जामखेर' झालेलं. 1879 मध्ये साताऱ्याकडची कळंबी, 1939 मध्ये अकोल्याचं अंदुरा. आणि 22 मे 2012 च्या भर दुपारी नागपूर जिल्ह्यातलं काटोल. काटोलच्या दगडात पुढे ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली हेच खनिज सगळ्यात जास्त आहे, पण तिथे जाऊन ते आणणार कोण? आयआयटी खरगपूरच्या मंडळींना ते काटोलच्या शेतात पडलेल्या दगडात मिळालं.

यातलं काहीही माझ्याकडे नाही, आणि असूही नये. भारतात पडलेला अशनी सापडला की तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, म्हणजे जीएसआयकडे सोपवायचा, ही इंग्रजांच्या काळापासूनची रीत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. बाहेरच्यांना वेळ अमावस्या म्हटलं तर कदाचित कळेल. त्या दिवशी गाव ओस आणि शिवार भरलेलं. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, त्यांना चुना लावायचा, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, उंडे यांच्यावर तुटून पडायचं. आमच्या पांडवांतला भीम म्हणजे एक काळा, गुळगुळीत, जडशीळ दगड. तो आभाळातून पडला असं घरात सगळे सांगतात. पणजोबांच्या काळी भरदुपारी मोठा आवाज झाला आणि दुसऱ्या दिवशी हा शेतात सापडला. आता आमच्याकडे मोठा आवाज झाला की लोकांना 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारी आठवते आणि सगळे जमिनीकडे बघतात. पणजोबांनी वर बघितलं होतं.

लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला इतकी वर्षं तपासावीशी वाटली नव्हती. त्या येळवसला मात्र खिशात लोहचुंबक होतं. पूजेआधी सहज भीमाला लावलं. चिकटलं!

माझ्या छातीत धडधडायला लागलं. चुलते बघतच होते. अर्ध्या तासात कोपीत बसलेल्या प्रत्येकाला कळलं. नेमकं त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्कला सदबीच्या लिलावात मंगळावरचा साडेचोवीस किलोचा दगड 53 लाख डॉलरला गेला होता. चुलतभावाने मोबाइलवर भागाकार करून दाखवला, ग्रॅमला अठरा हजारांच्या वर. सोन्यापेक्षा महाग! मंगळ आणि साधा अशनी यात फरक किती, हे ऐकायला कोणी तयार नव्हतं. मी दबक्या आवाजात जीएसआयचं नाव काढलं. चुलते म्हणाले, "सरकारला कोण सांगायलंय?"

संध्याकाळी सगळे पांगले. अण्णा बांधावर बसले होते. त्या वर्षी घेतलेलं दुसरं बोअर कोरडं गेलं होतं. त्याचे पैसे कुठून आणले हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आईकडून कळलं होतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भीमाचे किती येतील रं?"

मला आठवतंय तिथपासून अण्णांनी माझ्याकडे पैशाचा विषय काढलेला नव्हता. आणि मी साडेअकरा हजारांचे बाराशे सांगून मोकळा झालेलो! खरा निघाला तर तो जीएसआयचा, खोटा निघाला तर कोणाचाच नाही, हे त्या क्षणी त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. "उद्या बघू," म्हणालो.

रात्री झोप नाही. कारण एक गोष्ट मला ठाऊक होती, जी चुंबक लावताना मी सोयीस्कर विसरलो होतो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. त्यामुळे मराठवाड्यातला अर्धा बांध चुंबकाला थोडाफार ओढतोच! पुस्तकातली चुंबकाची चाचणी परदेशी वाळवंटात छान चालते, आमच्या रानात ती फसते.

सकाळी भीमाला सुतळीने बांधला आणि काट्याला टांगला. 6 किलो 400 ग्रॅम. मग तसाच टांगलेला पाण्याच्या बादलीत सोडला. 4 किलो 200. तोंडीच हिशोब केला. 2.9. दगडी अशनी साधारण 3.3 च्या पुढे असतो, लोखंडी तर आठच्या आसपास. 2.9 म्हणजे बेसाल्ट. खात्री करायला खालच्या बाजूने, जिथे दिसणार नाही तिथे, पॉलिश पेपरने बोटभर जागा घासली. आत धातूचा एक कण चमकला नाही. बारीक पांढरे ठिपके होते, जुन्या लाव्हातल्या बुडबुड्यांत नंतर भरलेले. त्या मोठ्या आवाजाचं काय, ते पणजोबांनाच ठाऊक.

अण्णा पायरीवर उभे राहून सगळं बघत होते.

"अण्णा, इथलाच हाय," मी म्हणालो. तोंडातून गावाकडचंच आलं.

त्यांनी भीम उचलला, सुतळी सोडली, धोतराच्या सोग्याने पुसला. "मग ठीकच की," म्हणाले, "न्यायला कोणी येणार न्हाई."

त्यानंतर मी त्यांना खरी किंमत सांगितली. सिखोते-आलिनचीच नव्हे, डबीतल्या सगळ्यांची. ते ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "परत घेतात का?" घेतात, पण पडत्या भावाने. पुण्याला येऊन पाच तुकडे विकले, तीन महिने लागले. विकत घेताना दहा मिनिटं लागतात आणि विकताना प्रत्येक जण तुमच्याकडे मी त्या भट्टीच्या मळीकडे बघायला हवं होतं तसं बघतो. बोअरच्या कर्जाचा निम्मा हप्ता निघाला. निम्मा माझ्या पगारातून.

सिखोते-आलिन ठेवला. पुण्याच्या पावसाळ्यात लोखंडी अशनी गंजतो, म्हणून डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बदलतो. दुसरा उरला तो आफ्रिकेतला, नंबराचा, नखाएवढा. तो अण्णांनी मागून घेतला. रेशनकार्डाच्या पत्र्याच्या पेटीत तो एका कागदाच्या पुडीत असतो. पाहुणा आला की पुडी उघडली जाते. दगड आभाळातला आहे हे सांगून झालं की अण्णा किंमत सांगतात.

मी दिलेल्या किमतीवर एक शून्य चढवून.