सूज एकीकडे, दोष दुसरीकडे

तान्ह्या मुलाच्या शीचा विषय चारचौघांत काढू नये, असा सभ्य घरांतून संकेत आहे. बाळंतिणीच्या खोलीत मात्र अनुभवी स्त्रिया 'बाळाला शी झाली का?' हाच प्रश्न आधी विचारतात. आम्ही वाङ्मयाचे अध्यापक. वैद्यकाशी आमचा संबंध केवळ रोग्याच्या नात्याचा. परंतु आप्तांतील एका मुलाच्या दुखण्याने आम्हांला या विषयाचे वाचन करावयास लावले, तेव्हा त्या प्रश्नातील शहाणपण उमगले.

त्या दुखण्याचे नाव हिर्शस्प्रुंगचा रोग. कोपनहेगनचे बालवैद्य हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथे दोन दगावलेल्या अर्भकांची हकीगत मांडली. दोघांनाही जन्मापासून मलावरोध, दोघांचेही मोठे आतडे अतोनात फुगलेले. जे फुगले तेच रोगी, असा बहुतेकांनी ग्रह करून घेतला आणि पुढे कित्येक वर्षे उपचारही त्याच भागावर चालले.

बॉस्टनचे शल्यवैद्य ऑर्व्हर स्वेन्सन यांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. फुगलेल्या आतड्याला पोटावर वाट करून दिली की मूल सुधारे. ती वाट बंद केली की दुखणे परते. म्हणजे फुगलेला भाग बिचारा निरपराध! दोष त्याखालच्या, दिसावयास साध्यासुध्या अशा अरुंद भागाचा. तो काढून निरोगी आतडे खाली आणून जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केली.

आतड्याला चालविणाऱ्या मज्जापेशी गर्भावस्थेत वरून खाली प्रवास करीत येतात. तो प्रवास मध्येच थांबला, तर शेवटचा भाग त्यांच्यावाचून राहतो. तो आकसलेलाच राहतो, आणि वरचे आतडे मळ पुढे लोटता लोटता फुगते. सुमारे पाच हजार बाळांत एकाला हा विकार होतो. मुलग्यांत तो मुलींच्या सुमारे चौपट आढळतो.

आमच्या आप्तांच्या घरीही नजर भलतीकडेच गेली. कोणी म्हणे सुनेने पथ्य पाळले नाही, कोणी म्हणे तिचे दूधच बाधले. गुटी झाली, एरंडेल झाले. ती पोर मात्र मुकाट्याने बोलणी खात राहिली. अखेर गुदाशयाचा बारीकसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात मज्जापेशी नव्हत्या. शस्त्रक्रिया होऊन मूल वाचले. आता ते शाळेत जाते. त्या बोलण्यांबद्दल तिची क्षमा मागितल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

असो. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना पहिली काळपट शी चोवीस तासांत होते. ती दोन दिवसांतही झाली नाही, पोट फुगले किंवा ओकारी हिरवी पडली, तर एरंडेलाची बाटली न शोधता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आणि आईला काय खाल्लेस, असे विचारू नये. तिच्या ताटाचा या दुखण्याशी काहीएक संबंध नाही.