अनुभव : नाही

मागच्या मे महिन्यात कराडहून मावशीचा फोन आला. "बारावी झाली, आता पोरगं दिवसभर मोबाईल बघत बसतंय. तुझ्याकडं पाठवते पुण्याला. कुठंतरी कामाला लाव, आणि मुलाखतीत काय बोलायचं ते जरा शिकव." खरं कारण मला माहीत होतं. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून काका घरीच होते आणि कॉलेजची फी तोंडावर आली होती.

आता मी म्हणजे इंटरव्ह्यू या विषयातला आमच्या खानदानातला तज्ज्ञ. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला सात कंपन्यांनी नाकारलं आणि आठवीत चिकटलो, एवढीच काय ती पात्रता. हल्ली टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून नवीन पोरांना प्रश्न विचारतो, त्यामुळे भाव अजून वाढलाय. असो.

स्वारी स्वारगेटला उतरली तीच मुळी बेत ठरवून. "दादा, तुझी बाईक दे. मित्राच्या आयडीवर डिलिव्हरी करतो, रोजचे पैसे सुटतात." वय वर्षं सतरा! गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराशिवाय मिळत नाही. वर 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून काही झालं, तर पालक किंवा गाडीचा मालक तीन वर्षांपर्यंत आत जाऊ शकतो आणि 25,000 रुपये दंड वेगळा. आणि इथे मालक कोण, तर मी. बाईक मिळाली नाही, स्वारी दोन तास फुगून बसली.

दुसऱ्या दिवशी तो एका 'प्लेसमेंट'वाल्याकडे जाऊन आला. नाव नोंदवायचे पंधराशे रुपये मागितले होते. मी म्हटलं, जो काम देतो तो पैसे देतो, मागत नाही. मागितले की उठायचं आणि चालू पडायचं. या एका सल्ल्याबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही. बाकीच्यांबद्दल मात्र वाटतं.

कारण त्याच रात्री मी लॅपटॉप उघडून त्याचा बायोडेटा बनवला. हॉबीज, स्ट्रेंग्थ्स, 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेअर', सगळा मसाला घातला. अनुभवाच्या रकान्यात त्याला न विचारताच 'नाही' टाइप केलं. सतरा वर्षांच्या पोराला कसला आलाय अनुभव! मग 'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर पाठ करून घेतलं. दोनच महिने काम करायचंय हे अजिबात सांगू नकोस, आणि वडिलांचं विचारलं तर 'शेती' म्हण, ऑपरेशनचं रडगाणं नको, असंही बजावलं.

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मुलाखत झाली. संध्याकाळी पडेल चेहऱ्याने परत आला. स्वतःबद्दलचं सगळं म्हणून दाखवलं म्हणे. मॅनेजरने एवढंच विचारलं, "टीम प्लेअर म्हणजे काय रे?" ते काही मी शिकवलं नव्हतं! मग त्याने विचारलं, गिऱ्हाईक भांडायला लागलं तर काय करशील? हा गप्प. "फोन करू," म्हणाले.

रविवारी सकाळी मी दुधाची पिशवी आणली. त्याने ती उलटीपालटी करून वाचली आणि सहज म्हणाला, "साडेतीन-साडेआठ. आमच्याकडं गाईच्या दुधाचा दर यावरच धरत्यात." म्हणजे 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ. एसएनएफ म्हणजे दुधातून स्निग्धांश आणि पाणी वगळलं की जे उरतं ते. पाणी घातलं की ते उतरतं आणि दर कापला जातो. मी विचारलं, तुला हे कसं माहीत? तेव्हा कळलं की गडी दोन वर्षं गावच्या डेअरीवर पहाटे पाचला जातोय. कॅनमधलं दूध ढवळून सँपल घ्यायचं, मशीनला लावायचं, लिटर-फॅट लिहायचं, दहा दिवसांचं बिल काढायचं, आणि मग कॉलेजला.

"आणि फॅट कमी लागली की लोक भांडत नाहीत?"

"भांडत्यात की! एक म्हातारं रोज भांडायचं. मग त्याच्यासमोरच परत सँपल लावायचो. आकडा त्यालाच वाचायला लावायचो. गप व्हायचं."

अरे, मग मॅनेजरला हेच सांगायचं होतं ना! तर म्हणतो, "ते काय काम न्हाई दादा, ते आपलं असंच. आणि तूच लिहिलंवतंस की, अनुभव नाही."

खरं सांगायचं तर मला राग त्याचा आला नाही. साताऱ्यात बाबांचं टेलरिंगचं दुकान. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथे काजं-बटणं करण्यात घालवल्या. जूनमध्ये शाळेचे गणवेश यायचे तेव्हा रात्री बारापर्यंत. आणि कॅम्पस इंटरव्ह्यूला "फादर काय करतात?" असं विचारल्यावर मी म्हणालो होतो, "गारमेंट बिझनेस." अंगात शर्ट बाबांनीच शिवलेला. माझ्या बायोडेटातही अनुभवापुढे 'नाही'च होतं.

मग बसून त्याचा कागद पुन्हा केला. हॉबीज उडवल्या. अनुभव : दूध संकलन केंद्र, दोन वर्षं, आणि खाली काय काय करतो ते साध्या मराठीत. अर्ध पान झालं.

सोसायटीजवळच्या किराणा सुपरमार्केटात बिलिंगला माणूस हवा होता. दुपारी तिथूनच फोन. "दादा, मार्कशीट ओरिजिनल ठेवून घ्यायची म्हणत्यात." म्हटलं, ओरिजिनल दाखव, झेरॉक्स दे आणि ओरिजिनल परत घेऊन ये, नसेल चालत तर नको काम. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. मालक कुरकुरला, पण चाललं. महिना नऊ हजार, उद्यापासून.

रात्री जेवताना मी खोदून खोदून विचारत होतो. म्हाताऱ्याची गोष्ट सांगितल्यावर मालक हसला म्हणे.

"वडिलांचं विचारलं?"

"विचारलं. ऑपरेशन झालंय, घरी असत्यात म्हणलं. दोनच महिने येणार, मग कॉलेज, ते पण सांगितलं."

"ते कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगायचं?" त्याने भाताचा घास घेतला. "तुझ्या इंटरव्ह्यूला काकांचं काय सांगितलंवतंस तू?"

"टेलर आहेत म्हणून सांगितलं," मी म्हणालो, आणि आमटी वाढायला उठलो.