उरणच्या किनारी एक रात्र

शेतकरी बंधुभगिनींनो, सुगी आटोपली की मुलाबाळांना समुद्र दाखवावा असे वाटते ना? मग नवी मुंबईला लागून असलेल्या उरणला चला. बंदराकडे कंटेनर धावतात तो मोठा रस्ता सोडा. पनवेलहून चिरनेर, कोप्रोली, खोपटे अशी आडवाट धरा. जीप थोडी हादरेल, पण गावे पाहायला मिळतील. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. तेथे हात जोडून पुढे निघा.

मग खाडीकाठची खारजमिनीतली भातशेती लागते. समुद्र अडवणारा मातीचा बांध म्हणजे बाहेरकाठा. शेतातले पाणी सोडायची वाट म्हणजे उघाडी. जवळची वाट म्हणून या बांधावर गाडी घालू नका. चाकांनी बांध खचला आणि उधाणात खांड पडली, तर खारे पाणी शेतात शिरते. मग पुढची काही वर्षे भात धड पिकत नाही. बांधाचे मोल तुम्हाला वेगळे काय सांगायचे!

केगावच्या किनाऱ्यावर मुक्काम करायचा तर आधी गावात विचारा. भरतीची वेळ पंचांगच सांगते: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, दिवसातून दोनदा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी अधिक वर चढते. म्हणून राहुटी ओल्या वाळूपासून बरीच वर ठोका आणि गाडी पक्क्या जमिनीवरच ठेवा. रुतलेल्या गाडीसाठी समुद्र थांबत नाही.